क्षेत्रफळ उणे दोन आलं तरी चालतं का? : गणित अभ्यास मंडळास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
गणित अभ्यास मंडळ

विषय : बी.एस्सी. प्रथम वर्ष, दुसऱ्या सत्राचा कॅल्क्युलसचा पेपर

सन्माननीय महोदय आणि महोदया,

मागणी आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमचा वेळ जायला नको. दुसऱ्या सत्राच्या कॅल्क्युलसच्या पेपरात एक सक्तीचा प्रश्न असा असावा, जो पाठ करून सुटणार नाही. त्यात उत्तर काढण्याइतकेच मार्क त्या उत्तराचा अर्थ सांगण्याला असावेत. आणि तो अर्थ मराठीत लिहायची मुभा असावी. बस्स, एवढंच. सिलॅबस वाढवा असं मी म्हणत नाही. उलट थोडा कमी झाला तरी कुणी रडणार नाही.

हा पेपर मी स्वतः दिलाय आणि बऱ्या मार्कांनी पास झालेय. सध्या एम.एस्सी. करते. संध्याकाळी एका अभ्यासिकेत बसते, तिथं बीड, जालना, पैठणकडून शिकायला आलेली पोरंपोरी असतात. त्यातली बरीचशी प्रथम वर्षाची. इंटिग्रेशनचा, म्हणजे आलेखाखालचं क्षेत्रफळ काढण्याचा पेपर म्हटलं की त्यांच्या पोटात गोळा येतो. मी जे लिहितेय ते त्यांच्या वह्या बघून लिहितेय.

पहिल्या सत्रात डिफरन्शिएशन असतं, ते कसंही निभावतं. नियम ठरलेले असतात, एकामागून एक लावत गेलं की उत्तर हाती येतंच. इंटिग्रेशनला असा हमखास रस्ता नाही. सबस्टिट्यूशन लावायचं, बाय पार्ट्स करायचं की पार्शल फ्रॅक्शन पाडायचे, हे गणिताकडं बघून ठरवावं लागतं. काही गणितांना तर नेहमीच्या फंक्शनांत उत्तरच नसतं. ई रेज टू मायनस एक्स स्क्वेअर दिसायला किती गरीब, पण त्याचं इंटिग्रल साइन, कोसाइन, लॉग यांपैकी कशातच बसवता येत नाही. १९ व्या शतकात लिऊव्हीलने ते सिद्ध करून ठेवलंय. आणि स्टॅटिस्टिक्समधला तो घंटेच्या आकाराचा आलेख याच फंक्शनचा. थोडक्यात, हा विषय मुळातच पारख करण्याचा आहे, आणि नेमका तोच आपण पाठांतराचा करून ठेवलाय.

एका पोरीची वही बघत होते. गणित होतं: मायनस वन ते वन, वन बाय एक्स स्क्वेअर, डीएक्स. तिनं सरळ फॉर्म्युला लावला, मायनस वन बाय एक्स आलं, लिमिट टाकल्या, मायनस वन मायनस वन, उत्तर मायनस टू. बाजूला लाल पेनानं बरोबरची खूण. त्याच वहीत दोन पानं मागं एका इनडेफिनिट इंटिग्रलला प्लस सी लिहायचं राहिलं होतं, तिथं लाल गोल आणि अर्धा मार्क कापलेला.

मी तिला म्हटलं, आलेख काढ. तिनं काढला. चांगला काढला. सगळा आलेख एक्स अक्षाच्या वर, खाली एक टिंबसुद्धा नाही. म्हटलं, मग क्षेत्रफळ मायनस कसं आलं? ती बराच वेळ आलेखाकडं बघत बसली आणि म्हणाली, ‘पण ताई, फॉर्म्युला तर बरोबर लावलाय ना?’

माझ्या सगळ्या तक्रारीचं मूळ या वाक्यात आहे. तिनं गणितात काहीही चोरलेलं नाही, आळस केलेला नाही. तिला जे शिकवलं ते तिनं चोख केलं. शून्यापाशी आलेख आभाळात जातोय, तिथं फंक्शनच नाही, तिथून बिनधास्त आरपार जाता येत नाही, हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. मग आम्ही शून्यापाशी दोन तुकडे केले, शून्याच्या जवळ जवळ सरकत एका तुकड्याचं लिमिट घेतलं आणि ते क्षेत्रफळ वाढायचं काही केल्या थांबेना. तेव्हा तिनं वही पुढं उलटली आणि म्हणाली, ‘हे इम्प्रॉपर इंटिग्रल आहे का? टाइप टू?’ म्हणजे असल्या, मधेच आलेख आभाळात जाणाऱ्या गणितांचा धडा तिला पाठ होता. टाइप वन, टाइप टू, व्याख्या, दोन सोडवलेली उदाहरणं, सगळं. पण तो धडा आणि हे गणित एकमेकांना ओळखत नव्हते, कारण पेपरात टाइप टूचं गणित ‘टाइप टू’ असं नाव घेऊनच येतं.

ज्या सरांनी ती खूण केली त्यांच्यावर माझा राग नाही. तासिका तत्त्वावर काम करणारा माणूस, मानधन कधी निघेल त्याचा पत्ता नाही, एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात एसटीनं पळतो आणि रात्री वह्यांचा गठ्ठा घेऊन बसतो. तो उत्तर पायऱ्यांशी ताडून बघणार, आलेख काढत बसणार नाही. आणि त्यालाही ठाऊक आहे की पेपरात काय विचारतात. वर्गात काही जरा वेगळं सुरू केलं की मागच्या बाकावरून आवाज येतोच: सर, हे पेपरला येतंय का? त्या पोराला कुणी उद्धट म्हणू नये. तो हिशेबानं वागतोय. प्रश्नसंच झेरॉक्सच्या दुकानात मिळतो आणि पेपर त्याच्या बाहेर फारसा जात नाही, हे त्यानं पहिल्याच सत्रात हेरलेलं असतं.

ही सवय आमच्याकडं बी.एस्सी.ला लागते असंही नाही. अकरावी-बारावीला क्लासमध्ये इंटिग्रेशन कसं होतं ते तुम्हाला माहीतच असेल. सीईटीला चार पर्याय असतात, मग इंटिग्रेशन करायचंच कशाला? चारही पर्यायांचं डिफरन्शिएशन करायचं, ज्याचं मूळ फंक्शन मिळेल त्यावर टिक मारायची. युक्ती म्हणून झकास आहे, मीही वापरलीय. पण दोन वर्षं हेच केलेलं पोरगं बी.एस्सी.ला येतं आणि समोर चार पर्याय नसतात, तेव्हा ते पाठांतराकडं वळतं. दुसरं करणार काय? बाय पार्ट्समध्ये कुठलं फंक्शन आधी घ्यायचं तो लिएटचा नियम पाठ, घात उतरवत नेणारा रिडक्शन फॉर्म्युला पाठ, पाय बाय टू लिमिट असली की एन सम आणि विषम यांची दोन उत्तरं पाठ. साइनची सातवी घात चुटकीसरशी सोडवतात. आणि शून्य ते एक, वर्गमूळात एक वजा एक्स स्क्वेअर दिलं, तर एक्स बरोबर साइन थीटा घेऊन अर्धं पान भरतात. तो पाव वर्तुळ आहे, त्याचं क्षेत्रफळ पाय बाय फोर, हे आठवीतल्या पोरालाही सांगता येईल. पण बघायची सवयच मोडलेली.

आता ज्या प्रश्नाची मी मागणी करतेय तो कसा असेल, ते नमुन्यासकट सांगते.

मराठवाड्यात ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कुठल्याही हॉटेलात चहा प्यायला बसा, दुसऱ्या टेबलावर इंटिग्रेशन चाललेलं असतं. नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरण, किती टक्के झाला, नांदूर मधमेश्वरमधून किती क्युसेक सुटलं, अजून किती टीएमसी पाहिजे. क्युसेक म्हणजे सेकंदाला घनफूट, हा वेग आहे, टीएमसी हा साठा आहे, आणि वेगावरून साठा काढणं म्हणजेच डेफिनिट इंटिग्रल. आमच्या अभ्यासिकेत पैठण तालुक्यातला एक पोरगा आहे. त्याला रीमन सम, म्हणजे पट्ट्या पाडून केलेली क्षेत्रफळाची बेरीज, विचारलं तर तो खाली मान घालतो. पण त्यानंच मला सांगितलं, ‘ताई, साडेअकरा हजार क्युसेक दिवसभर चाललं की एक टीएमसी होतंय.’ मी कॅल्क्युलेटर काढला. दिवसाचे ८६,४०० सेकंद, एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, भागाकार ११,५७४. पोरगा बरोबर होता. त्याच्या घरी हे सगळ्यांना येतं.

तर प्रश्न असा घाला. समजा, जायकवाडीत येणाऱ्या पाण्याची नोंद दर सहा तासांनी झाली: सकाळी ६ वाजता २०,००० क्युसेक, दुपारी १२ ला ३२,०००, संध्याकाळी ६ ला ४०,०००, रात्री १२ ला २८,००० आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ६ ला १६,०००. चोवीस तासांत किती पाणी आलं? ट्रॅपेझॉइडल नियमानं २.५५ टीएमसी येतं, सिम्प्सनच्या नियमानं २.५६. हा झाला पहिला भाग, आकडेमोडीचा. दुसरा भाग: धरणाचा जिवंत साठा २१७१ दलघमी (दशलक्ष घनमीटर) आहे, एक टीएमसी म्हणजे २८.३ दलघमी धरून धरण किती टक्क्यांनी वाढलं? सव्वातीन टक्क्यांच्या थोडं वर. आणि तिसरा भाग, ज्यासाठी हा सगळा खटाटोप: संध्याकाळी ६ ते रात्री १२ या वेळात पूर एकदम चढून ओसरला असेल आणि नोंदीत तो आलाच नसेल, तर तुमचं उत्तर खऱ्यापेक्षा कमी की जास्त? का? आकृती काढून चार ओळीत लिहा.

या तिसऱ्या भागाचं उत्तर कुठल्याच गाईडमध्ये मिळणार नाही, मायक्रो झेरॉक्सच्या चिठ्ठीतही मावणार नाही. पुढच्या वर्षी आकडे बदला, प्रश्न उलटा करा, येलदरी घ्या, मांजरा घ्या. हाच प्रश्न धरायचा असं नाही. धरणाची पातळी फुटांत सांगतात, नाथसागर १५२२ फुटांना भरतो. तळाजवळचा एक फूट आणि वरचा एक फूट यांत पाणी सारखं असतं का? नसेल तर प्रत्येक पातळीवरच्या पाणपसाऱ्याचे आकडे देऊन एकूण साठा काढायला सांगा. पुस्तकात हाच धडा वर्गमूळ एक्स वक्राला अक्षाभोवती फिरवून शिकवतात आणि पोरांना वाटतं की घनफळ म्हणजे नेहमी काहीतरी गरगर फिरवायचं असतं.

दोन वक्रांमधलं क्षेत्रफळ घ्या. वाय बरोबर एक्स आणि वाय बरोबर एक्स स्क्वेअर, उत्तर एक षष्ठांश. दरवर्षी एक षष्ठांश. आणि इकडं वरच्या धरणांतून सोडलेलं पाणी आणि जायकवाडीत पोहोचलेलं पाणी यांतल्या फरकावरून नाशिक-नगर आणि मराठवाडा यांच्यात वर्षानुवर्षं भांडण. किती सोडलं, वाटेत किती मुरलं, किती उपसलं गेलं. विसर्गाचा एक वक्र, आवकेचा दुसरा; पाणी पोहोचायला उशीर लागतो म्हणून दुसरा वक्र थोडा पुढं सरकलेला, पण पूर्ण काळाची दोन्ही क्षेत्रफळं काढून वजाबाकी केली की वाटेतली घट हातात. ज्या भांडणावर आमचे बाप पेपर वाचून तावातावानं बोलतात, त्याची वजाबाकी करायला प्रथम वर्षाचं पोरगं शिकलं तर बिघडलं कुठं?

आता सिरीजकडं, म्हणजे न संपणाऱ्या बेरजांकडं वळते. हा दुसऱ्या सत्रातला सगळ्यात निसरडा भाग. इथंही तेच. वन बाय एन शून्याकडं जातं, म्हणून त्यांची बेरीज कुठंतरी थांबणारच, असं दहातली आठ पोरं ठामपणे सांगतात. पुस्तकात लिहिलंय की ही हार्मोनिक सिरीज डायव्हर्ज होते, म्हणजे तिची बेरीज कुठंच थांबत नाही, ते वाक्य त्यांना पाठ असतं, पण विश्वास नसतो. आमच्यातल्या एकानं कॉलेजच्या लॅबमध्ये एक्सेल उघडलं आणि वन बाय एनची बेरीज खाली ओढत नेली. १२,३६७ व्या ओळीला बेरीज १० ओलांडते. एक लाखाव्या ओळीला ती १२.०९ च असते. एक्सेलची शेवटची ओळ १०,४८,५७६ वी, तिथं १४.४४. पोरगा विजयी मुद्रेनं आला: ‘थांबतंय बघा.’

मला त्याचं फार कौतुक वाटलं, खरंच. त्यानं पुस्तकाला आव्हान दिलं होतं, आकडे घेऊन. मग आम्ही गट पाडले. एक तृतीयांश आणि एक चतुर्थांश मिळून अर्ध्याच्या वर. पुढचे चार, एक पंचमांश ते एक अष्टमांश, यातला कुणीच एक अष्टमांशापेक्षा लहान नाही, म्हणून मिळून पुन्हा अर्ध्याच्या वर. पुढचे आठ, पुन्हा अर्धा. पुढचे सोळा, पुन्हा. अर्धे कधी संपतच नाहीत, मग बेरीज थांबेल कशी? हा युक्तिवाद १४ व्या शतकातल्या निकोल ओरेस्मचा आहे आणि तो कळायला लॉगसुद्धा लागत नाही. त्यानंतर मात्र लॉग घेऊन बसलो. वन बाय एक्सच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ लॉग, त्यामुळं बेरीज किती हळू वाढते हे क्षेत्रफळावरून सांगता येतं, आणि २० ओलांडायला २७ कोटींहून जास्त पदं लागतील हे एकही बेरीज न करता कळतं. त्या पोराला इंटिग्रल टेस्ट त्या दिवशी समजली. टेस्टचं स्टेटमेंट त्याला महिनाभर आधीपासून पाठ होतं.

पेपरात असं विचारता येईल: ‘शंभर पदांची बेरीज बघून सिरीज कन्व्हर्ज होते असं एकानं ठरवलं. तुम्ही त्याला काय सांगाल? एक कन्व्हर्ज होणारी आणि एक न होणारी सिरीज घेऊन समजावा.’ प्रत्येक पद मागच्या पदाच्या किती पट ते बघणाऱ्या, पाठ केलेल्या रेशो टेस्टचा इथं काही उपयोग नाही. हार्मोनिक सिरीजला तर रेशो टेस्ट लावली की लिमिट एक येतं आणि टेस्ट हात वर करते.

वेळेचं थोडक्यात. दुसरं सत्र कागदावर पंधरा आठवड्यांचं. त्यात स्नेहसंमेलन, एनएसएसचं शिबिर, मग फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावीची परीक्षा, कॉलेजात केंद्र, वर्ग बंद. त्याच दिवसांत हरभरा काढायला आणि ज्वारी काढायला घरून बोलावणं येतं. आमच्या बीडकडची गोष्ट तर तुम्हाला सांगायला नको: दिवाळीनंतर टोळ्या कारखान्यांना जातात, मुकादमाची उचल घेतलेली असते, आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत आईबाप येत नाहीत. म्हणजे दुसरं सत्र आणि ऊसतोडीचा हंगाम अगदी एकाच वेळी. घरी म्हातारी आजी, लहान भावंडं आणि दोन जनावरं सांभाळणारी पोरगी वर्गात रोज कशी येईल? ती एप्रिलमध्ये प्रश्नसंच घेऊन बसते. तिला प्रश्नसंचाबाहेरचं विचारणं अन्याय आहे असं कुणी म्हणेल. मी उलट म्हणते. वीस रिडक्शन फॉर्म्युले आणि तीस टेस्टा तिला घरी बसून पाठ करायला लावणं हा अन्याय आहे. त्यातले निम्मे काढा आणि तिला डोकं चालवायला एक प्रश्न द्या. ऊसाच्या फडातला हिशेब तिच्या घरात तोंडी चालतो, मोळ्यांचा, टनांचा, उचल फिटण्याचा. विचार करायला ती कमी नाही.

भाषेबद्दल. आमची पोरं जिल्हा परिषदेच्या शाळेतली. काहींना सेमी मिळालेलं, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीत आणि बाकी सगळं मराठीत. बी.एस्सी.ला गणित इंग्रजीतून. चिन्हांना तशी भाषा नसते, त्यामुळं आकडेमोड कुणाचीच अडत नाही. अडतं ते ‘का’ या प्रश्नाला. तोंडानं विचारलं की मराठीत फाडफाड सांगतात, लिहायला सांगितलं की गप्प, कारण इंग्रजीतली वाक्यं फक्त पाठ केलेली आहेत. त्यामुळं परीक्षक समजतात की यांना कळलेलंच नाही. यूजीसीने एप्रिल २०२३ मध्येच विद्यापीठांना कळवलंय की अभ्यासक्रम इंग्रजी माध्यमाचा असला तरी विद्यार्थ्यांना स्थानिक भाषेत उत्तरं लिहू द्यावीत. मी तर फक्त एका प्रश्नातल्या चार ओळी मागतेय. आणि मराठीत गणिताचा युक्तिवाद शोभत नाही असं कुणाला वाटत असेल, तर केरळकडं बघा. पाय बाय फोर बरोबर एक वजा एक तृतीयांश अधिक एक पंचमांश वजा एक सप्तमांश, अशी पुढं चालत जाणारी सिरीज तिथल्या माधवाच्या परंपरेनं युरोपच्या कितीतरी आधी काढली, आणि ज्येष्ठदेवानं १५३० च्या सुमारास तिची सिद्धता ‘युक्तिभाषा’त लिहिली ती संस्कृतात नव्हे, मल्याळममध्ये. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा आपल्याकडं ठिकठिकाणी हारतुरे झाले. इंटिग्रलखाली चार ओळी लिहिण्याइतपत तरी तो दर्जा कामाला येऊ द्या.

तुमच्या बैठकीत यावर कोण काय म्हणेल याचा थोडा अंदाज आहे.

कुणी म्हणेल, निकाल पडेल. पडू नये याची सोय करता येते. पहिल्या वर्षी हा प्रश्न थोड्या मार्कांचा ठेवा आणि नमुने आधीच कॉलेजांना पाठवा. मात्र दोनशे नमुन्यांचा संच नको, नाहीतर तोही पाठ होईल. आमची पोरं त्या बाबतीत फार पक्की आहेत.

कुणी म्हणेल, हे सगळं इंटर्नलमध्ये घ्या ना. नको. इंटर्नलचे मार्क कसे पडतात हे तुम्हाला ठाऊक आहे, आम्हालाही आहे, आणि हे पत्र खुलं असल्यामुळं जास्त बोलत नाही.

कुणी म्हणेल, तपासणार कसं? कॅपमध्ये, म्हणजे पेपर तपासायच्या केंद्रात, एकेका परीक्षकासमोर उत्तरपत्रिकांचे ढीग असतात, त्यात आलेख आणि मराठी ओळी कोण वाचत बसणार? ही अडचण खरी आहे आणि तिच्यावर माझ्याकडं पूर्ण उत्तर नाही. पण चार ओळी वाचायला दोन पानांची रटलेली सिद्धता वाचण्यापेक्षा जास्त वेळ लागत नाही. मॉडेल आन्सरमध्ये फक्त उत्तर न देता ‘या तीनपैकी कुठलंही कारण चालेल’ असं लिहून द्या. जायकवाडीच्या प्रश्नात ‘मधला फुगवटा नोंदीत नाही म्हणून क्षेत्रफळ कमी मोजलं गेलं’ एवढं कुठल्याही शब्दांत आलं की पूर्ण मार्क. ज्यानं नुसतं ‘कमी’ लिहिलं त्याला एक. ज्यानं आकडेमोडीत चूक केली पण उत्तर २५५ टीएमसी आल्यावर ‘हे शक्य नाही, कारण सगळ्या धरणाचा जिवंत साठाच साधारण ७७ टीएमसी आहे, माझा दशांश चुकला असावा’ असं लिहिलं, त्याला आकडेमोडीचे अर्धे मार्क तरी परत द्या. मला विचाराल तर पूर्ण द्या. असं लिहिणारं पोरगं पुढं पाटबंधारेत लागो, बँकेत लागो की शाळेत शिकवो, त्याच्या हातून मायनस दोन क्षेत्रफळ सुटणार नाही.

आणि एक अगदी फुकटात होणारी गोष्ट. आठवड्यातला एक तास ट्युटोरियल म्हणून वेळापत्रकात आधीच असतो, पण बहुतेक ठिकाणी त्यात उरलेला पोर्शन उरकला जातो. त्या तासाला पोरांनी तिघा-चौघांच्या गटात एकच गणित घेऊन भांडावं, सरांनी फक्त फिरावं, असं अभ्यासक्रमाच्या कागदावर एका ओळीत लिहून टाका. लिहिलेलं असलं की तासिका तत्त्वावरचे सरसुद्धा प्राचार्यांना दाखवू शकतात. नसलं की त्यांना ‘पोर्शन का मागं राहिला’ हेच ऐकावं लागतं.

मंडळाच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हे घ्यावं. या पत्रात दिलेले प्रश्न आणि अभ्यासिकेत पोरांनीच तयार केलेले आणखी काही, त्यांच्या उत्तरांसह, मी टपालानं वेगळे पाठवत आहे. पोरांच्या हातची अक्षरं आहेत, मुद्दाम टाइप केलेली नाहीत. काही उत्तरं चुकलेली आहेत, तीही तशीच ठेवलीत. कुठं कोण कसं विचार करतंय ते त्यांतूनच दिसेल.

आपली विश्वासू,
एम.एस्सी. (गणित) शिकणारी एक विद्यार्थिनी
जिल्हा बीड